सायलेंट? कोण म्हणतं?

रोझलिंड फ्रँकलिन म्हटलं की डीएनए आठवतो, १९५२ चा तो 'फोटो ५१' आठवतो, आणि १९६२ मध्ये नोबेल जाहीर झालं तेव्हा ती हयात नव्हती याची हळहळ वाटते. ती गेली कशाने, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१९५६ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. तिथे पोटात कळा यायला लागल्या, मग पोट फुगायला लागलं, स्कर्ट कमरेला बसेना. लंडनला परतल्यावर दिवस गेलेत का, अशी शंका डॉक्टरांनाही आली. सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं आणि गाठी सापडल्या. अंडाशयाचा कॅन्सर! त्यानंतरही बाई विषाणूंवर काम करतच राहिल्या. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, वयाच्या ३७ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं, त्यात तिने केलेलं विषाणूचं मॉडेल मांडलेलं होतं.

तर मंडळी, ज्या आजाराने इतका आवाज केला, त्याचं वैद्यकातलं लाडकं नाव काय? 'सायलेंट किलर'. म्हणे लक्षणंच नसतात, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. उशीर होतो हे खरंच. पण लक्षणं नसतात?

हा प्रश्न सरळ रुग्णांनाच विचारला बार्बरा गॉफ या अमेरिकन डॉक्टरने. रुग्ण महिलांच्या एका वार्तापत्रातून प्रश्नावली गेली, अमेरिका आणि कॅनडातल्या १,७२५ जणींनी उत्तरं पाठवली. २००० साली निष्कर्ष छापून आले: ९५% जणींना निदानाआधी लक्षणं जाणवली होती. पोट फुगणं, पोट दुखणं, अपचन, थकवा. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? कुणाला आतड्याचा त्रास, कुणाला स्ट्रेस, कुणाला 'काही नाही हो'. ११% जणींना निदानासाठी वर्षाहून जास्त काळ थांबावं लागलं. आजार मुका नव्हता, ऐकणारे बहिरे होते, असं मला तरी वाटतं.

अर्थात डॉक्टरांची बाजूही आहेच. पोट कुणाचं फुगत नाही? प्रत्येक ढेकरेला अलार्म वाजवला तर हॉस्पिटलं ओसंडून वाहतील. आमच्या धंद्यात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात, आणि अलार्म फार वाजला की लोक तो म्यूट करतात :-) गॉफ यांच्या टीमने तोड काढली ती इथे. त्यांनी 'काय होतंय' याच्या जोडीला 'किती वेळा' आणि 'कधीपासून' हेही मोजलं. २००७ चा त्यांचा निर्देशांक असा: पोट किंवा ओटीपोट दुखणं, पोट फुगणं किंवा घेर वाढणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं किंवा जेवणच न जाणं. यातलं काहीही महिन्यातून १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल आणि ते वर्षभराच्या आत सुरू झालं असेल, तर तपासायचं. वारंवार किंवा घाईची लघवी हे त्यांच्या आधीच्या अभ्यासातलं लक्षण. त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटी वगैरे संस्थांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात तेही आलं.

हा निर्देशांक काही रामबाण नाही. त्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले जेमतेम ५७% कॅन्सर त्यात सापडले, पुढच्या टप्प्यातले साधारण ८०%.

मग सगळ्यांचीच दरवर्षी तपासणी का नको? तेही करून झालं. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ दरम्यान ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांवर बायका अभ्यासात घेतल्या. काहींची सीए-१२५ ही रक्तचाचणी, काहींची सोनोग्राफी, उरलेल्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला: तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे त्रास नसलेल्यांना सरसकट चाळणी लावून उपयोग झाला नाही. त्रास असलेलीची गोष्ट वेगळी, तिच्यासाठी याच दोन चाचण्या कामाच्या आहेत. (पॅप स्मिअर मात्र गर्भाशयमुखासाठी असते. ती नॉर्मल आली म्हणून अंडाशयाबद्दल काही कळत नाही.)

आपल्याकडे घरोघरी एक वाक्य असतं, 'काही नाही रे, गॅसेस झालेत.' मग ओवा, हिंग, इनो. बहुतेक वेळा गॅसेसच असतात. पण आई पन्नाशीच्या पुढची असेल, जेवण कमी झालेलं असेल आणि तरी साडीचा परकर घट्ट होत असेल, तर कॅलेंडरवर फुल्या मारायला सांगा. महिन्यात बारापेक्षा जास्त झाल्या की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना ते कॅलेंडरच सोबत न्या. आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, विचारायची वाट बघू नका.