ताइफचे सकीफ व पश्चिम हिंदुस्थान

हिजरी १५ (इ. स. ६३६) च्या सुमारास अरबांनीं ठाण्यावर स्वारी केली, एवढें एका वाक्यांत सांगून पुढें जाण्याचा परिपाठ आपल्याकडील ग्रंथांत पडला आहे. या वाक्याचें मूळ बलाधुरी (मृत्यु इ. स. ८९२) याच्या ‘फुतूह अल्-बुल्दान’ या ग्रंथांत असून तो दे खूये या डच पंडितानें इ. स. १८६६ पर्यंत लेडन येथें छापून पुरा केला. मुळांत मात्र स्वारी धाडणारा सकीफ कबिल्याचा पुरुष होता आणि खलिफानें धमकी दिली ती त्याच्या कबिल्यास, हें स्पष्ट आहे. एवढी गोष्ट गाळली कीं साऱ्या प्रकरणाचा अर्थच पालटतो.

सकीफांचें ठाणें ताइफ. मक्केच्या आग्नेयेस, सुमारें ६००० फूट उंचीवर वसलेलें हें गांव द्राक्षांविषयीं व कमावलेल्या कातड्याविषयीं प्रसिद्ध होतें. अल्-लात देवतेचें स्थान तेथेंच होतें. गांवास तट होता, आणि त्याच्या जोरावर सकीफांनीं इ. स. ६३० मध्यें पैगंबरांनीं घातलेल्या वेढ्यासहि दाद दिली नाहीं. हिजरी ९ मध्यें ते आपण होऊन शरण आले. बोलणें करण्यास जी मंडळी मदिनेस गेली, तींत वयानें सर्वांत लहान असलेला उस्मान बिन अबी अल्-आस हाच पुढें ताइफचा अधिकारी नेमला गेला.

खलिफा उमर यांनीं याच उस्मानास बहरीन व उमान हे प्रांत सांगितले. त्यानें आपला भाऊ हकम यास बहरीनवर पाठविलें, आपण उमानांत गेला व तेथून ठाण्यावर फौज रवाना केली. हकमास भडोचेवर व मुघीरा या दुसऱ्या भावास देबलवर पाठविल्याचेंहि बलाधुरी सांगतो. ठाण्याची फौज परत आल्यावर उस्मानानें खलिफास कळविलें. उत्तरांत शाबासकी नव्हती. माणसांना समुद्रावर धाडणें म्हणजे किड्याला लांकडाच्या ढलपीवर बसविणें होय, आणि ही माणसें बुडालीं असतीं तर तितकींच माणसें तुझ्या कबिल्यांतून वसूल केलीं असतीं, असा त्याचा भाव होता. यावरून मला असें दिसतें कीं, ही मोहीम खिलाफतीची नव्हे. एका प्रांताधिकाऱ्यानें भावांस हाताशीं धरून, परवानगीवांचून केलेला तो उद्योग होता. आणि कसूर एकाची, भरपाई कुळाची! भाऊबंदांचे जुने कागद चाळणाऱ्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं.

या कुळांतील मुख्तार हा हुसेन यांच्या वधाचा सूड उगविण्यासाठीं कूफा येथें उठला व इ. स. ६८७ मध्यें मारला गेला. त्याहून मोठें नांव हज्जाज बिन यूसुफ याचें. हा मूळचा ताइफमधील पंतोजी. शत्रू त्यावरून त्यास हिणवीत. इ. स. ६९४ पासून ७१४ पर्यंत तो इराकचा सुभेदार होता. पंतोजी सुभेदार झाला म्हणून आम्हां जुन्या मास्तरांस अभिमान वाटावा, परंतु त्याच्या हातून झालेला रक्तपात तसें वाटूं देत नाहीं. कुराणाचा पाठ बिघडूं नये म्हणून अक्षरांस खुणा लावविण्याचें श्रेय परंपरा त्यासच देते. पदपाठाचे कष्ट ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या कामाचें मोल सांगावयास नको.

त्यानेंच आपला आप्त महंमद बिन कासिम यास सिंधवर धाडलें. इ. स. ७११ पासून देबल, अरोर, मुलतान हीं स्थळें पडलीं. इ. स. ७१५ मध्यें सुलेमान खलिफा झाला आणि महंमदास बेड्या घालून हज्जाजनेंच वसविलेल्या वासित शहरीं नेलें. तेथें सालिह नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यास हज्जाजच्या घराण्यांतील इतरांसह छळ करून मारिलें. हज्जाजनें या सालिहच्या भावास पूर्वीं ठार केलें होतें. हें बलाधुरीचें कथन. ‘चचनामा’ मात्र दाहिर राजाच्या कन्यांनीं कपटानें खलिफास फसविलें व महंमद कच्च्या चामड्यांत शिवला जाऊन मेला, अशी कथा सांगतो. ही कथाच लोकांच्या तोंडीं आहे. मला बलाधुरी ग्राह्य वाटतो. तो कालानें जवळचा आहे, आणि उमरच्या पत्रांत जो न्याय धमकीच्या रूपानें आला, तोच येथें प्रत्यक्ष घडलेला दिसतो.

परंतु ‘चचनामा’ आपलें मूळ सांगतो तें पोथीसंग्राहकांनीं पाहण्याजोगें आहे. हिजरी ६१३ (इ. स. १२१६-१७) मध्यें अली कूफी यानें हा फारसी ग्रंथ रचिला. आपणांस अरबी मूळ पोथी सिंधमधील काजी इस्माइल यांजकडे मिळाली, असें तो लिहितो आणि काजींची वंशावळ देऊन ती सकीफांस नेऊन भिडवितो. दाऊदपोता यांनीं फारसी संहिता इ. स. १९३९ मध्यें हैदराबाद दक्षिण येथें प्रसिद्ध केली. हा अनुवाद नसून तेराव्या शतकांतील स्वतंत्र रचना आहे, असें मनान अहमद आसिफ यांनीं इ. स. २०१६ मध्यें प्रतिपादिलें आहे. तें खरें मानलें तरी, पोथीची साख पटविण्यासाठीं कूफीस पांचशें वर्षांनंतर सकीफांचेंच नांव पुढें करावेंसें वाटलें, हें उरतेंच. ती अरबी पोथी मात्र अद्याप कोणाच्या हातीं लागलेली नाहीं.