खानदेशातील शेतमाल खरेदीतील थकीत रकमा

खानदेशातील शेतमाल खरेदीतील थकीत रकमा म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांकडून केळी, कापूस, मका यांसारखा माल उधारीवर उचलून खरेदीदाराने त्याचे पैसे मुदतीत न देणे अथवा अजिबात न देणे. बोलीभाषेत यास 'पैसे अडकणे' व 'पैसे बुडणे' असे दोन निरनिराळे शब्दप्रयोग आहेत आणि त्यांतील भेद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. अडकलेल्या पैशाचा देणेकरी समोर असतो. बुडालेल्या पैशाचा देणेकरी गाव सोडून गेलेला असतो किंवा देणेच नाकारतो. पहिल्या प्रकारात वसुलीची कार्यवाही उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात सौदा झाला होता हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

व्यवहाराचे स्वरूप

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध असून जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ही केळी मुख्यतः दिल्ली, पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशाच्या बाजारपेठांत जाते. केळी सहसा बाजार समितीच्या आवारात येत नाही. व्यापारी किंवा त्याचा स्थानिक दलाल बागेत येऊन घड पाहतो, जाहीर झालेल्या भावाच्या आधारे दर ठरतो, व्यापाऱ्याचे मजूर घड कापतात आणि माल मोजून बागेच्या बांधावरूनच ट्रकमध्ये भरला जातो. याला शिवार खरेदी म्हणतात. रोख रक्कम मिळते ती थोडीच. उरलेली रक्कम पुढच्या बाजारपेठेतून पैसे आल्यावर द्यावयाची, अशी समजूत असते.

या साखळीत शेतकऱ्याचा संबंध सामान्यतः दलालाशी येतो. दिल्लीच्या अडत्याने व्यापाऱ्याचे पैसे रोखले की व्यापारी दलालाकडे बोट दाखवतो आणि दलाल व्यापाऱ्याकडे. काट्याच्या चिठ्ठीवर वजन असते, पण खरेदीदाराचे पूर्ण नाव, पत्ता व सही असतेच असे नाही. माल कोणी घेतला, या साध्या प्रश्नावरच अनेक तक्रारी अडतात.

केळीचा नाशवंतपणा हे उधारीचे मूळ कारण आहे. कापणीस आलेला घड झाडावर फार दिवस ठेवता येत नाही आणि कापलेला घड तर काही दिवसांतच पिकतो. भाव पटला नाही अथवा रोख पैसे मिळाले नाहीत म्हणून माल थांबवून धरण्याची सवड शेतकऱ्यास नसते. आवक वाढून भाव पडतात त्या दिवसांत तर उधारीवर का होईना, पण माल उचलणारा मिळावा, अशी स्थिती असते. ओळखीचा व्यापारी जास्त दर देण्यास तयार नसताना नवखा खरेदीदार चढा दर बोलतो, पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे वेळेवर चुकते करतो आणि विश्वास बसल्यावर मोठा माल उधारीवर उचलतो, ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे.

कापसाचे तसे नाही. तो घरात साठवता येतो, आणि भाववाढीच्या अपेक्षेने तो तसा साठवलाही जातो. तरीही गावोगाव फिरून होणाऱ्या 'खेडा खरेदी'त कापूस उधारीवर दिला जातो. वाहतुकीचा खर्च वाचतो, पैशाची घाई नसेल तर उधारीच्या बदल्यात क्विंटलमागे थोडा वाढीव दर मिळतो आणि खरेदीदार बहुधा गावातलाच असतो. अशा व्यवहारात एकाच गावातील अनेक कुटुंबांचा हंगाम एका माणसाच्या वहीत अडकून पडतो. गावातल्या ओळखीमुळे कागद केला जात नाही आणि पैसे थकल्यावर त्याच ओळखीमुळे तक्रारही लांबते.

बाजार समिती कायद्यातील संरक्षण

उघड लिलाव, खरे वजन व वेळेवर पैसे हे नियंत्रित बाजारांच्या स्थापनेमागील मूळ हेतूंपैकी होत. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला, आणि त्याखाली प्रथम नियंत्रित झालेल्या बाजारांत धुळ्याच्या कापूस बाजाराचा समावेश होतो. पुढे १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आणि राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ आला. त्याखालील नियम १९६७ मध्ये करण्यात आले.

या व्यवस्थेनुसार बाजार आवारात विकलेल्या मालाची किंमत विक्रीच्याच दिवशी चुकती करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. खरेदीदारास बाजार समितीचा परवाना घ्यावा लागतो व पैसे थकवल्यास तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. याहून महत्त्वाची तरतूद कलम ५७ मध्ये आहे. बाजार क्षेत्रात विकलेल्या शेतमालाची शेतकऱ्यास न मिळालेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे देणेकऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणून तिचा लिलाव करण्यापर्यंत कार्यवाही जाऊ शकते. रक्कम देय आहे की नाही याविषयी वाद असल्यास तो न्यायाधिकरणाकडे जातो. देणेकऱ्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात असेल, तर १८९० च्या महसूल वसुली कायद्यान्वये जिल्हाधिकारी तेथील जिल्हाधिकाऱ्यास वसुलीचा दाखला पाठवू शकतो. कागदावर हे संरक्षण दिवाणी दाव्यापेक्षा बरेच धारदार आहे.

अडचण ही की त्याचा कणा परवाना व आवारातील नोंद हा आहे. आवारात मापाडी वजन करतो, सौद्याची पावती होते, खरेदीदाराचे नाव समितीच्या दप्तरात असते. बांधावरच्या सौद्यात यांपैकी काहीच नसते. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाल्यावरील बाजार समितीचे नियमन आवारापुरते मर्यादित केले. त्यामुळे शेतकऱ्यास कोणासही माल विकण्याची मोकळीक मिळाली. परंतु शिवारात केळी घेण्यास परवाना लागेनासा झाला आणि परवाना जाण्याचा धाकही तेथे उरला नाही. केळीची विक्री मुळातच आवाराबाहेर होत असल्याने या बदलाचा अर्थ खानदेशात इतर भागांपेक्षा वेगळा होता. कापसाच्या खेडा खरेदीस मात्र कायद्याने परवाना आवश्यकच आहे. प्रत्यक्षात विनापरवाना खरेदी चालते.

भटाणे येथील प्रकरण

या विषयाकडे देशाचे लक्ष गेले ते धुळे जिल्ह्यातील एका तक्रारीमुळे. शिरपूर तालुक्यातील भटाणे येथील एका शेतकऱ्याने २०२० मध्ये सुमारे ३ लाख ३२ हजार रुपयांचा मका मध्य प्रदेशातील व्यापाऱ्यांना विकला. २५ हजार रुपये आगाऊ मिळाले व उरलेली रक्कम १५ दिवसांत देण्याचे ठरले. चार महिने झाले तरी ती मिळाली नाही. त्या वर्षी केंद्र सरकारने शेतमाल व्यापार व वाणिज्य (प्रोत्साहन व सुविधा) कायदा केला होता. त्यानुसार खरेदीदाराने त्याच दिवशी, किंवा कार्यपद्धतीमुळे आवश्यक असल्यास जास्तीत जास्त तीन कामकाजाच्या दिवसांत, पैसे देणे बंधनकारक होते आणि वाद उपविभागीय दंडाधिकाऱ्यासमोर नेता येत असे. शेतकऱ्याने बडवानी जिल्ह्यातील पानसेमल येथे तक्रार केली व थोड्याच दिवसांत त्याची बाकी चुकती झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २९ नोव्हेंबर २०२० च्या 'मन की बात' कार्यक्रमात या घटनेचा उल्लेख केला.

प्रकरणाचा निकाल सीमेपलीकडे लागला, हे लक्षणीय आहे. महाराष्ट्र शासनाने या केंद्रीय तरतुदींच्या अंमलबजावणीचा ऑगस्टमधील आदेश सप्टेंबर २०२० च्या अखेरीस मागे घेतला होता. शिवाय त्या कायद्याच्या दोन बाजू होत्या. तक्रारीचा जलद मार्ग त्याने दिला, पण खरेदीदार होण्यासाठी पॅन कार्डाखेरीज फारशी अट ठेवली नाही. परवाना नाही, अनामतही नाही. दिवाणी न्यायालयाचे दार त्याने अशा वादांपुरते बंद केले. भावाविषयी तो मौन होता. मक्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला १,८५० रुपये असताना खुल्या बाजारातील दर त्याच्या बरेच खाली होते, त्यामुळे पूर्ण पैसे मिळालेला शेतकरीही हमीभावाच्या तुलनेत तोट्यातच राहत होता.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी कृषी कायद्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे त्या भाषणास बरोबर एक वर्ष होत असताना, संसदेने ते रद्द करणारे विधेयक संमत केले. उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडील तक्रारीचा मार्गही त्यांच्यासोबत गेला. दरम्यान जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने विधिमंडळात मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात शेतकऱ्याचे पैसे थकवणाऱ्यास कारावास व दंडाची तरतूद सुचवली होती. केंद्रीय कायदे रद्द झाल्यावर तेही मागे घेण्यात आले.

धनादेश न वटणे

बांधावरच्या व्यवहारात शेतकऱ्याच्या हाती बहुधा एकच बळकट कागद येतो, तो म्हणजे धनादेश. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने तो परत आल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागू होते. यातील मुदती काटेकोर आहेत. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो; तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते; नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. 'आठ दिवस थांबा, पुन्हा भरा' अशा आश्वासनांवर या मुदती निघून जातात, आणि अशी आश्वासने देणाऱ्यास ते पुष्कळदा ठाऊक असते. विलंबाचे सबळ कारण दाखवल्यास उशिराची तक्रार दाखल करून घेण्याचा अधिकार न्यायालयास आहे. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१८ च्या दुरुस्तीनुसार खटला चालू असताना धनादेशाच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेशही देता येतो.

खानदेशाच्या दृष्टीने २०१५ ची दुरुस्ती विशेष उपयुक्त ठरली. धनादेश खात्यात जमा करण्यासाठी भरला असेल, तर शेतकऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात तक्रार चालते. व्यापारी दिल्लीचा असला तरी रावेरच्या शेतकऱ्यास दिल्लीस खेपा घालाव्या लागत नाहीत.

पोलिसांकडील तक्रार

फसवणुकीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली नोंदवला जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे. केवळ पैसे न देणे म्हणजे फसवणूक नव्हे, सौदा करतानाच पैसे बुडवण्याचा हेतू असावा लागतो, ही न्यायालयांची स्थिर भूमिका आहे. म्हणून 'हा दिवाणी वाद आहे' असे उत्तर पोलीस ठाण्यात मिळते. एकाच खरेदीदाराने अनेकांना त्याच पद्धतीने फसवले असेल, तर मूळचा हेतू दाखवणे सोपे जाते. शेतकऱ्यांनी एकत्रित तक्रार देण्याचा उपयोग येथे होतो.

नाशिक परिक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी २०२० च्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या बुडालेल्या रकमांविषयी मोहीम हाती घेऊन तक्रारी मागवल्या. द्राक्ष उत्पादकांची प्रकरणे त्यात अधिक गाजली. गुन्हा दाखल होण्याच्या भीतीने अनेक व्यापाऱ्यांनी तडजोड करून पैसे परत केले. ही मोहीम अधिकाऱ्याच्या पुढाकारावर चालली होती. तिच्यामागे कायमची यंत्रणा उभी राहिली नाही.

मालावरील ताबा व पूर्वकाळजी

वस्तू विक्री अधिनियम, १९३० 'पैसे न मिळालेला विक्रेता' ही संज्ञा वापरून त्यास काही हक्क देतो. माल ताब्यात असेपर्यंत तो अडवून ठेवता येतो. माल वाटेत असताना खरेदीदार दिवाळखोर झाल्यास वाहतूकदारास सूचना देऊन तो थांबवता येतो आणि नाशवंत माल अन्य कोणास विकताही येतो. येथे दिवाळखोर या शब्दात व्यवहाराच्या नेहमीच्या ओघात देणी देणे थांबवलेला खरेदीदारही येतो. हे हक्क प्रत्यक्षात क्वचितच वापरले जातात, कारण पैसे मिळणार नाहीत हे कळते तेव्हा ट्रक रिकामा झालेला असतो.

इंटरनेटवर डोमेन नावांची विक्री करणाऱ्यांसमोरही न देणाऱ्या खरेदीदाराचा प्रश्न असतो. तेथे रक्कम त्रयस्थाच्या खात्यात जमा झाल्याखेरीज नाव हस्तांतरित न करण्याची पद्धत रूढ आहे, आणि सौदा फिसकटला तरी नाव विक्रेत्याकडेच राहते. केळीच्या घडास ही सोय नाही. शिवार खरेदीत तिच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार म्हणजे ट्रक बांधावरून हलण्यापूर्वी रक्कम बँक खात्यात जमा करून घेणे. काही शेतकरी एका गाडीचे पैसे जमा झाल्याशिवाय दुसरी गाडी भरू देत नाहीत. त्यामुळे नुकसान झालेच तर ते एका गाडीपुरते राहते.

कापसात भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने विक्री केल्यास रक्कम थेट बँक खात्यात येते. मात्र तेथे नोंदणी, ओलाव्याची मर्यादा व रांगेतील प्रतीक्षा असते, आणि रोकड तातडीने हवी असलेला शेतकरी पुन्हा खेडा खरेदीकडे वळतो. थकीत रकमेसाठी दिवाणी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची असून, खरेदीदाराने त्या मुदतीत बाकी मान्य करून सही केलेली चिठ्ठी दिली असेल तर मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.