रिंगणाकडून पडद्याकडे : दलाल स्ट्रीटचा बाजार एका वर्षात कसा पालटला?

१/
३ नोव्हेंबर १९९४ रोजी मुंबईत शेअरांचा एक नवा बाजार सुरू झाला. त्याला रिंगण नव्हते, गर्दी नव्हती, बोलीचा गलका नव्हता. सौदे संगणकाच्या पडद्यावर होत. त्याच्या समोर उभा होता १८७५ पासून चालत आलेला मुंबई शेअर बाजार. तरीही साधारण वर्षभरातच उलाढालीत नव्याने जुन्याला मागे टाकले. याचे श्रेय सहसा संगणकाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

२/
आधी जुनी रीत पाहू. दलाल स्ट्रीटवरील रिंगणात दलाल आणि जॉबर एकत्र जमत. जॉबर म्हणजे ठरावीक कंपन्यांच्या शेअरांत स्वतःच्या जोखमीवर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव देणारा व्यापारी. हाताच्या खुणा आणि आरोळी यांवर सौदा ठरे. दोन्ही पक्ष तो आपापल्या वहीत टिपून घेत. दिलेला शब्द पाळणे हीच तेथील पत होती.

३/
रिंगणाबाहेरचा माणूस मात्र आंधळा होता. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या गुंतवणूकदाराचा निरोप उपदलालामार्फत मुंबईला पोहोचे. सौदा कोणत्या क्षणी आणि कोणत्या भावाने झाला, हे पडताळण्याचे साधन त्याच्याकडे नसे. दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येत. त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसणारा कोणताही भाव दलालाने सांगितला, तर तो मुकाट्याने मान्य करावा लागे. प्रत्यक्ष भाव आणि ग्राहकाला लावलेला भाव यांतील या फरकाला बाजाराच्या बोलीत ‘गाळा’ म्हणत.

४/
ही केवळ काही व्यक्तींची अप्रामाणिकता नव्हती. रचनाच तशी होती. मुंबई शेअर बाजार ही दलालांची संस्था. मालक तेच, कारभारी तेच आणि सौदे करणारेही तेच. सदस्यत्व मर्यादित असल्याने त्याला मोठी किंमत येई. भाव सर्वांना एकाच वेळी दिसू लागले, तर नुकसान होणार होते ते मालकांचेच. अशा संस्थेला उघडा पडदा आणण्याची घाई का असावी?

५/
धक्का बाहेरून आला. १९९१ मध्ये मनोहर फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय पातळीवरील नव्या बाजाराची शिफारस केली. एप्रिल १९९२ मध्ये बँकांच्या सरकारी रोख्यांतील घोटाळा उघडकीस आला. बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवला गेल्याचे स्पष्ट झाले आणि बाजार कोसळला. सेबीला कायद्याचे बळ मिळाले तेही १९९२ मध्येच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजेच एनएसई, कंपनी म्हणून स्थापन झाला. आयडीबीआयसारख्या वित्तसंस्था त्याच्या प्रवर्तक होत्या आणि डॉ. आर. एच. पाटील पहिले व्यवस्थापकीय संचालक.

६/
येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पडद्यावर सौदे करणारा एनएसई हा भारतातील पहिला बाजार नव्हे. ‘ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया’ने १९९२ मध्येच तसे व्यवहार सुरू केले होते. तो प्रामुख्याने लहान कंपन्यांसाठी होता. तेथे नोंदलेल्या कंपन्या थोड्या आणि सौदे त्याहून विरळ. यंत्र आले, पण त्यावर येणारे ग्राहक आणि विक्रेते आले नाहीत. तो बाजार कधी बाळसे धरू शकला नाही.

७/
एनएसईने यंत्राच्या आधी रचना ठरवली. मालकी वित्तसंस्थांकडे, कारभार पगारी व्यावसायिकांकडे आणि सौदे दलालांकडे, अशा तीन भूमिका वेगळ्या केल्या. देशातील कोणत्याही गावच्या गुंतवणूकदाराला तोच भाव त्याच क्षणी मिळावा, हे उद्दिष्ट होते. पुढचे तांत्रिक निर्णय या एका वाक्यातून निघालेले दिसतात.

८/
पहिला निर्णय सौदे जुळवण्याचा. खरेदीची आणि विक्रीची प्रत्येक मागणी एका मध्यवर्ती संगणकात जाई. ज्याचा भाव सरस, त्याला आधी प्राधान्य. भाव समान असेल, तर ज्याची मागणी आधी आली त्याला. समोर कोण आहे हे कुणालाच दिसत नसे, म्हणून मोठ्या दलालाची ओळख किंवा दबाव चालत नसे. प्रत्येक सौद्यावर अचूक वेळ नोंदली जाई. आता ग्राहकाला भाव पडताळता येऊ लागला आणि गाळ्याचा आधारच नाहीसा झाला.

९/
दुसरा निर्णय उपग्रहाचा. त्या काळच्या दूरध्वनी तारांवर विसंबून देशभराचा बाजार चालवणे अशक्य होते. म्हणून दलालांच्या कार्यालयांवर व्हीसॅटच्या लहान तबकड्या बसल्या. संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाऊन परत येई. या प्रचंड अंतरापुढे मुंबई आणि कोलकाता यांतील फरक नगण्य ठरे. दलाल स्ट्रीटच्या शेजारी असण्याचा शतकभराचा फायदा असा पुसला गेला.

१०/
उलाढाल नव्या बाजाराकडे सरकताच जुना बाजारही हलला. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली आणि रिंगणातील आरोळ्या थांबल्या. दीर्घकाळ नकोसे वाटलेले यंत्र स्पर्धा उभी राहताच काही महिन्यांत आले. अडचण तंत्रज्ञानाची असती, तर ते इतक्या लवकर आले नसते.

११/
मात्र पडदा आला म्हणून सारे सुधारले असे नाही. सौदा क्षणात होई. शेअरची प्रमाणपत्रे मात्र कागदीच होती. गठ्ठे टपालाने फिरत. सही जुळली नाही की कागद परत येत. काही हरवत, काही बनावट निघत. वेगवान सौद्यांनी हा ढीग उलट वाढवला. म्हणून १९९६ मध्ये पुढचे दोन दुवे जोडले गेले : सौदा पुरा होण्याची हमी घेणारी समाशोधन संस्था आणि शेअर संगणकीय नोंदींत सांभाळणारी एनएसडीएल. साखळी पूर्ण झाली तेव्हा कुठे छोट्या गुंतवणूकदाराला निर्धास्तपणा लाभला.

१२/
या बदलाची किंमत मोजणारेही होते. डझनावारी भाव मुखोद्गत असणाऱ्या, आवाजावरून बाजाराचा कल ओळखणाऱ्या जॉबरांचे कसब निरुपयोगी ठरले. गावोगावच्या शेअर बाजारांचे कामच संपले. पुण्याचा बाजार १९८२ मध्ये सुरू झाला होता. घरबसल्या मुंबईचा भाव मिळू लागल्यावर तेथे सौदे करण्याचे कारण उरले नाही. असे वीसच्या आसपास बाजार हळूहळू ओस पडले. देशभराला खुला झालेला व्यवसाय दोन संस्थांत एकवटला आणि त्या दोन्ही मुंबईत होत्या.

१३/
तीन बाजार, जवळपास सारखेच यंत्र, तीन वेगळे परिणाम. एकाकडे यंत्र होते, पण पुरेसा व्यवसाय नव्हता. दुसऱ्याकडे व्यवसाय होता, पण यंत्र मालकांच्या हिताविरुद्ध जात होते. तिसऱ्याने आधी संस्थेचे हित आणि ग्राहकाचे हित एका दिशेला आणले आणि मग त्याला साजेसे यंत्र निवडले. १८७५ च्या संस्थेवर एका वर्षाच्या संस्थेने मात केली ती या क्रमामुळे.

१४/
या कथेला एक उत्तरार्ध आहे. २०१० च्या सुमारास एनएसईने दलालांना स्वतःचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात, शुल्क भरून, ठेवण्याची सोय दिली. स्पर्धा आता सेकंदाच्या सूक्ष्म अंशांची होती. पुढे काही दलालांना इतरांआधी माहिती मिळाल्याचे आरोप झाले आणि ते प्रकरण सेबी व अपील न्यायाधिकरणापुढे अनेक वर्षे चालले. ज्या बाजाराने उपग्रहाच्या साहाय्याने अंतर पुसले होते, त्याच्याच आवारात जवळ असण्याला पुन्हा मोल आले. यंत्र १९९४ पेक्षा कितीतरी वेगवान झाले होते. ते कुणासाठी चालवायचे, हा प्रश्न मात्र रिंगणाच्या काळातलाच होता.