तळटीप : रेटी प्रारंभ
रिचर्ड रेटी (१८८९–१९२९) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सुरुवातीत पांढरा खेळाडू मधली घरे लगेच प्याद्यांनी व्यापत नाही. घोडा एफ३ वर आणून आणि सी-पट्टीतील प्यादे दोन घरे सारून तो डी५ वरील काळ्या प्याद्याला बाजूने आव्हान देतो, तर जी२ वर फियांचेटो केलेला, म्हणजे लांब कर्णावर बसवलेला, उंट मध्यावर दुरून दाब ठेवतो. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत इमॅन्युएल लास्करविरुद्ध रेटींनी हत्ती सी२ वर घेऊन वजीर चक्क ए१ च्या कोपऱ्यात, बी२ वरील उंटाच्या पाठीशी, उभा केला, जेणेकरून त्याच कर्णावरील ई५ वर दुहेरी मारा व्हावा. योजना देखणी खरी, पण डाव लास्कर यांनी जिंकला.