विधिग्रंथालये

विधिग्रंथालये : अधिनियम, नियम, राजपत्रे, न्यायनिर्णयांचे संग्रह, त्यांवरील टीकाग्रंथ व विधिविषयक नियतकालिके यांचा संचय करून तो न्यायाधीश, वकील, विधीचे अध्यापक व विद्यार्थी आणि शासकीय अधिकारी यांच्या उपयोगासाठी सिद्ध ठेवणारी ग्रंथालये. न्यायालये, वकीलसंघ, विधिमहाविद्यालये, विधिमंडळे व शासकीय विभाग यांच्याशी ती संलग्न असतात. वाचक बदलला की संग्रहाचे स्वरूपही बदलते. तथापि एक वैशिष्ट्य सर्वांना समान आहे. वैद्यक किंवा अभियांत्रिकी या विषयांत नवी आवृत्ती आली, की जुनी बहुधा कपाटातून काढता येते. विधीच्या ग्रंथांना हा न्याय लागू पडत नाही. अधिनियम निरसित झाला, तरी त्याखाली पूर्वी उत्पन्न झालेले हक्क व दायित्वे सामान्यतः कायम राहतात, असे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (१८९७) सहावे कलम सांगते. आणि कृत्य घडले त्या वेळी अंमलात असलेल्या कायद्यानुसारच अपराध ठरतो, असे संविधानाचा विसावा अनुच्छेद सांगतो. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात येऊन भारतीय दंड संहिता (१८६०) निरसित झाली; परंतु त्या दिवसापूर्वी घडलेल्या अपराधांचे खटले जुन्या संहितेप्रमाणेच चालतात. अशा वेळी जुने ग्रंथ रद्दीत काढणारा ग्रंथपाल केवळ जागा मोकळी करीत नाही, तर एखाद्या आरोपीच्या बचावाचे साधनही नाहीसे करतो. म्हणून या ग्रंथालयांत ग्रंथ बाद करण्याचा प्रश्न इतरत्र असतो त्याहून नाजूक ठरतो.

इंग्लंडमध्ये वकिलांच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या संस्थांतून अशा ग्रंथालयांचा उगम झाला. त्यांपैकी लिंकन्स इनच्या ग्रंथालयाचे उल्लेख पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. पूर्वनिर्णय बंधनकारक मानण्याची प्रथा दृढ होत गेली, तशी निर्णयसंग्रहांची संख्याही वाढत गेली. खासगी वृत्तलेखकांनी आपापल्या परीने छापलेल्या या संग्रहांत विश्वसनीय कोणते, हे अनुभवी वकिलासही सांगणे कठीण होई. १८६५ मध्ये विधिवृत्तांसाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाल्यावर त्या गोंधळाला काहीसा आळा बसला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वकिलांनी १८०२ मध्ये वर्गणीतून आपले ग्रंथालय काढले. काँग्रेसच्या ग्रंथालयात १८३२ मध्ये विधीचा स्वतंत्र विभाग झाला. हार्व्हर्ड येथे १८७० मध्ये अधिष्ठाता झालेल्या क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनी मूळ निर्णयांच्या अभ्यासावर आधारलेली अध्यापनपद्धती रूढ केली. रसायनशास्त्रज्ञाला जशी प्रयोगशाळा, तसे विधीच्या अभ्यासकाला ग्रंथालय, अशी त्यांची धारणा होती. तिच्यामुळे ग्रंथालय हे विधिशिक्षणाचे केंद्र बनले.

याच सुमारास व्यावसायिक प्रकाशकांनी संदर्भसाधनांची निर्मिती सुरू केली. इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये काढलेली युक्ती अगदी साधी होती : कोणता निर्णय पुढे कोठे अनुसरला गेला व कोठे अमान्य झाला, हे छापलेल्या डिंक लावलेल्या पट्ट्या वकिलांनी आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवायच्या. या पट्ट्यांचे पुढे स्वतंत्र खंड झाले. निर्णय सापडणे पुरेसे नसून तो अद्याप ग्राह्य आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते, हा विधिग्रंथालयाच्या कामाचा गाभा या पट्ट्यांनी प्रथम स्पष्ट केला. १८७९ पासून वेस्ट या प्रकाशनसंस्थेने प्रादेशिक निर्णयसंग्रहांची मालिका सुरू केली. ग्रंथपालांचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून संघटना मात्र १९०६ मध्ये उदयास आली. त्या वर्षी नॅरागन्सेट पिअर येथे अमेरिकन विधिग्रंथालय संघाची स्थापना झाली व १९०८ पासून विधिविषयक नियतकालिकांची सूची निघू लागली. ब्रिटिश व आयरिश विधिग्रंथपालांचा संघ १९६९ चा. ग्रंथांच्या वर्गीकरणासाठी एलिझाबेथ मॉइस यांची पद्धती (१९६८) राष्ट्रकुलातील अनेक ग्रंथालयांनी स्वीकारली. विधीचे ग्रंथ विषयानुसार लावावेत की अधिकारक्षेत्रानुसार, हा जुना वाद त्यानंतरही पूर्णपणे मिटला नाही. [⟶ ग्रंथालयशास्त्र].

भारतातील विधिग्रंथालयांचा इतिहास न्यायालयांतील शास्त्री व मौलवी यांच्यापासून सुरू केला पाहिजे. कंपनीच्या राजवटीत धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला, की न्यायाधीश दरबारच्या शास्त्र्याला लेखी विचारीत आणि तो आपली व्यवस्था, म्हणजे अभिप्राय देई. मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी अस्तित्वात आले आणि दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, या अधिकाऱ्यांची पदे कायद्याने रद्द झाली. यापुढे न्यायाधीशाने धर्मशास्त्र ग्रंथांतून जाणून घ्यावयाचे होते. ती सोय व्हावी म्हणून रेमंड वेस्ट व गेऑर्ग ब्यूलर यांनी मुंबई इलाख्यातील शास्त्र्यांच्या जुन्या उत्तरांचाच संग्रह संपादून १८६७ पासून प्रसिद्ध केला. ज्यांचे पद गेले त्यांचीच उत्तरे कपाटात जाऊन बसली. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी व्यवहारमयूखाची आवृत्ती व इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये काढले, तेही याच गरजेतून. मुंबई बेटात व उत्तर कोकणात नीळकंठाच्या या ग्रंथाला विशेष प्रामाण्य असल्यामुळे वकिलाला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्ञान सांगणाऱ्या माणसाकडून ते जपणाऱ्या संस्थेकडे झालेले हे संक्रमण नि:संशय महत्त्वाचे होते. परंतु प्रश्नकर्त्याला नेमके काय हवे आहे हे ओळखणारा मध्यस्थ त्यात लोप पावला. ती उणीव ग्रंथपालाने भरून काढावी, अशी अपेक्षा मात्र कोणी फारशी बाळगली नाही. तो किल्ल्या सांभाळणारा कारकूनच मानला जाई.

१८७५ च्या अधिनियमान्वये शासनमान्य ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही मालिका सुरू झाली. शासनमान्य नसलेल्या वृत्ताचा उल्लेख ऐकून घेण्यास न्यायालय बांधील नाही, असे त्या अधिनियमात म्हटले होते. प्रत्यक्षात शासकीय खंड संथपणे निघत आणि वकिलाला उद्याच्या सुनावणीसाठी कालचा निर्णय हवा असे. त्यामुळे खासगी मालिका फोफावल्या. रतनलाल व धीरजलाल यांचे ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ मध्ये निघाले. नागपुरात व्ही. व्ही. चितळे यांनी उभारलेल्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड १९१४ च्या निर्णयांपासूनचे आहेत आणि ‘ए. आय. आर.’ ही तीन अक्षरे देशातील लहानशा तालुक्याच्या वकीलखोलीपर्यंत पोहोचली. परिणामी एकच निर्णय अनेक मालिकांत, निरनिराळ्या पृष्ठांवर येऊ लागला. केशवानंद भारती खटल्याचा निर्णय ‘ए. आय. आर. १९७३ एस. सी. १४६१’ आणि ‘(१९७३) ४ एस. सी. सी. २२५’ अशा दोन्ही ठिकाणी सापडतो. ज्याच्याकडे एक मालिका आहे व दुसरी नाही, त्याच्यासाठी समांतर तालिका तयार करणे हे कंटाळवाणे काम ग्रंथालयांतच होत आले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश-ग्रंथालय १९३७ मध्ये फेडरल न्यायालयासमवेत सुरू झालेले आहे. दिल्लीच्या भारतीय विधिसंस्थेने (स्थापना १९५६) संशोधनासाठी संग्रह उभारला.

महाराष्ट्र व गोवा येथील संग्रहांना भूतकाळाची आणखी एक गुंतागुंत चिकटलेली आहे. कूळकायद्यापुरते पाहिले, तरी पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी हैदराबाद राज्याचा १९५० चा व विदर्भासाठी १९५८ चा, असे तीन स्वतंत्र अधिनियम आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तेथील न्यायालयीन भाषा दीर्घकाळ उर्दू होती. त्यामुळे इनाम जमिनीच्या वादात जुना उर्दू दस्तऐवज पुढे येतो आणि तो वाचू शकणारा माणूस शोधावा लागतो. गोव्यातील स्थिती याहून चमत्कारिक आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० मध्ये लागू झाली. पोर्तुगालमध्ये १९६६ च्या नव्या संहितेने तिची जागा घेतली. परंतु गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला असल्याने ती नवी संहिता तेथे आलीच नाही. उत्तराधिकाराचा भाग राज्याच्या २०१२ च्या अधिनियमात गेला व तो २०१६ मध्ये अंमलात आला. विवाह व दांपत्याची मालमत्ता यांबाबतचे जुने पोर्तुगीज कायदे मात्र चालू राहिले. लिस्बनमधील ग्रंथालयात जे भाष्य इतिहासाच्या कपाटात जाते, ते पणजीत वकिलाच्या टेबलावर लागते.

संग्रहाच्या व्यवस्थेतील बरेचसे काम हाताचे व चिकाटीचे असते. अधिनियमात दुरुस्ती झाली, की छापील चिठ्ठी कापून योग्य कलमावर डकवायची. सुट्या पानांच्या ग्रंथांत जुनी पाने काढून नवी घालायची. एक पान चुकीच्या जागी गेले, तर ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात येते ती नेमकी युक्तिवादाच्या वेळी. नियतकालिकांचे अंक बांधणीस गेले, की नेमके त्याच महिन्यात मागितले जातात. कसर, वाळवी व मुंबईची दमट हवा हे नित्याचे शत्रू होत. दाखल नोंदवहीशी ग्रंथपडताळणी करून निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविताना शहाणा ग्रंथपाल पाठ्यपुस्तकांच्या जादा प्रती काढतो. अधिनियमाची प्रत्येक जुनी आवृत्ती निदान एकेक ठेवतो. तरीही जागेची अडचण आली, की प्रथम दृष्टी वळते ती जुन्या राजपत्रांवर. वास्तविक नियम व अधिसूचना यांचा मूळ पाठ बहुधा त्यांतच असतो आणि एकदा गेलेला अंक मिळविणे फार कठीण असते.

संगणकाच्या आगमनाने हे चित्र पालटले. अमेरिकेत लेक्सिस (१९७३) व वेस्टलॉ (१९७५) या सेवांनी दूरस्थ शोधाची सोय केली. कॉर्नेल येथे १९९२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये विधिसामग्री जनतेला विनामूल्य देण्याचे उपक्रम निघाले. भारतात व्यापारी सेवांबरोबरच ‘इंडियन कानून’ हे मुक्त संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले. निर्णयाच्या मूळ पाठावर प्रकाशकाचा हक्क नाही, परंतु त्याने कौशल्य व विवेक वापरून घातलेल्या संपादकीय भरीस संरक्षण मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक या प्रकरणात (२००७) दिला. हार्व्हर्डच्या ग्रंथालयाने तर निर्णयसंग्रहांच्या खंडांचे कणे कापून सुमारे ४ कोटी पाने यंत्राने टिपली व २०१८ मध्ये ती संगणकावर उपलब्ध केली. ग्रंथ जपण्याचे व्रत घेतलेल्यांनी ग्रंथ कापावेत, हे अनेकांना रुचणे कठीण होते. परंतु त्याविना हा मजकूर एवढ्या लोकांपर्यंत पोहोचला नसता.

या सोयीची किंमत मात्र स्वामित्वाच्या रूपाने द्यावी लागते. विकत घेतलेला खंड वर्गणी बंद झाली तरी कपाटात राहतो. संगणकीय सेवेत बहुधा वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो आणि करार संपला की मागील वर्षेही नाहीशी होऊ शकतात. लहान वकीलसंघाने छापील मालिका बंद करून अशी सेवा घेतली व पुढे दर परवडेनासे झाले, तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. म्हणून करारातील अटी वाचणे, मागील अंकांवरील हक्क मागणे व दरांविषयी घासाघीस करणे ही ग्रंथपालाची नवी कामे झाली आहेत. त्याशिवाय विद्यार्थ्यांना शोधपद्धती शिकविणे, न्यायाधीशांसाठी टिपणे करणे आणि स्रोताची विश्वसनीयता पारखणे ही कामेही त्याच्याकडे आली. अमेरिकन विधिविद्यालयांत ग्रंथालय-प्रमुखाकडे बहुधा विधी व ग्रंथालयशास्त्र या दोन्ही विषयांच्या पदव्या असतात. भारतात असा मेळ अपवादानेच आढळतो आणि वेतन व दर्जा यांतही त्याची कदर होतेच असे नाही.

पारखण्याच्या कामाचे महत्त्व २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हिआंका या प्रकरणात दिसून आले. वकिलांनी कृत्रिम बुद्धीच्या साधनाकडून मिळालेले, अस्तित्वातच नसलेले निर्णय न्यायालयापुढे ठेवले व त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. संबंधित खंड उघडून पृष्ठ पाहिले असते, तर तो प्रमाद तत्काळ उघड झाला असता. भारतात त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत वृत्तसंग्रह संगणकावर विनामूल्य खुले केले आणि प्रकाशकनिरपेक्ष उल्लेखपद्धती स्वीकारली. तिच्यामुळे प्रत्येक नव्या निर्णयाला न्यायालयाकडूनच क्रमांक मिळतो. तीत समाविष्ट नसलेल्या जुन्या निर्णयांसाठी मात्र समांतर तालिकांचाच आधार घ्यावा लागतो.