रिकामी गादी: सातारा १८४८, सांगली १९०१

आजचा शब्द आहे 'रिकामं'. शून्य, पोकळ, ओस, रितं हे सगळे त्याचे भाऊबंद. पण आज आपण 'रिकामं'च धरून ठेवू, कारण गादी रिकामी आहे असं कुणीतरी ठरवलं आणि साताऱ्याचं राज्य गेलं.

आधी घरातलं बघू. शेजारून वाटीभर भाजी आली, तर वाटी आपण रिकामी परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. रात्री दुकानदार दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. लेकीसुनेची ओटी भरतो. मूलबाळ नसलं तर मूल 'मांडीवर घेतो'. म्हणजे आपल्याकडे रिकामी जागा ही भरण्यासाठी असते, आणि ती कशी भरायची याच्या रीती ठरलेल्या आहेत. दत्तक ही त्यातलीच एक.

आता साताऱ्याला जाऊ. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. १८१९ चा तह झाला. राज्य राजाला, त्याच्या वारसांना आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना कायमचं दिलं, असं त्यात होतं. मग १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून प्रतापसिंहांना पदच्युत केलं, काशीला पाठवलं आणि त्यांचे धाकटे भाऊ शहाजीराजे यांना बसवलं. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. ५ एप्रिल १८४८ ला शहाजीराजेही गेले.

दोघांनाही औरस मुलगा नव्हता. पण दोघांनीही दत्तक घेतला होता! प्रतापसिंहांनी काशीत, शहाजीराजांनी अगदी शेवटच्या घटकेला साताऱ्यात. म्हणजे बघा, एका गादीला दोन दत्तक हजर होते, आणि डलहौसीनं निवाडा दिला की गादी रिकामी आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होऊ शकेल, पण राज्याचा वारस व्हायला वरिष्ठ सत्तेची मंजुरी पाहिजे. मंजुरी नाही, म्हणून वारस नाही. आणि वारस नाही, म्हणून राज्य देणाऱ्याकडे परत. गंमत म्हणजे साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क, दोघेही दत्तक मान्य करावा या मताचे होते. त्यांचं चाललं नाही. १८४९ च्या सुरुवातीला लंडनहूनही होकार आला.

मराठीत आपण म्हणतो, राज्य 'खालसा' झालं. हा शब्द नीट ऐका. हिंदीतल्या 'खाली'शी, म्हणजे रिकाम्याशी, त्याचं काही नातं नाही. तो आला 'खालिस'वरून. खालिस म्हणजे निव्वळ, भेसळ नसलेलं. खालसा जमीन म्हणजे मध्ये कुणी जहागीरदार-इनामदार नसलेली, थेट सरकारची जमीन. इंग्रजी निकालात कारण सांगितलं होतं वारस नसण्याचं. मराठी शब्दानं ते कारण बाजूला ठेवलं आणि घडलं ते सांगितलं: आता हे निव्वळ सरकारचं.

साताऱ्याच्या बाजूनं लंडनमध्ये भांडत होते रंगो बापूजी गुप्ते. प्रतापसिंहांचे वकील म्हणून गेले, ते १८५३ पर्यंत तिथेच होते. हात हलवत परत आले. दरम्यान साताऱ्याचाच दाखला पुढे करत नागपूर आणि झाशीही गेली. पुढे १८५७ मध्ये साताऱ्यातला कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र निसटले, ते कायमचे बेपत्ता झाले.

सत्तावन्नच्या धक्क्यानं सरकारचं धोरण बदललं. राणीच्या जाहीरनाम्यानंतर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळू लागल्या. याचा फरक बघायचा तर साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरवर, सांगलीला या. १९०१ मध्ये धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन वारले. इथेही औरस मुलगा नाही. पण इंग्रज सरकारनंच १९०३ मध्ये दत्तक वारसाला मान्यता दिली. ते चिंतामणराव आप्पासाहेब. तेव्हा वय तेरा. सांगली संस्थान पुढे मार्च १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं.

धर्मशास्त्र तेच, दत्तकाची रीत तीच. साताऱ्यात तर दत्तक राजाच्या हयातीत झालेला होता, तरी गादी रिकामी ठरली. सांगलीत राजा गेल्यावर दीड वर्ष गादीवर खरोखरच कुणी नव्हतं, तरी ती रिकामी ठरली नाही.

म्हणून पडीक जमीन, ओसाड गाव, बेवारस मालमत्ता, रिकामी जागा असे शब्द कागदावर दिसले, की तिथे कोण नाही हे नंतर बघा. आधी विचारा, 'रिकामं' असं म्हणतंय कोण, आणि ते रिकामं ठरल्यावर जाणार कुणाकडे?

आजच्यापुरतं इतकंच. मंडळी, येतो!