विद्युत पॉवर स्टिअरिंग : वेगवान वळणातला बेभरवसा

चालकाने स्टिअरिंगला लावलेल्या जोरात विद्युत मोटारीने भर घालणारी यंत्रणा म्हणजे विद्युत पॉवर स्टिअरिंग. स्टिअरिंगच्या दांड्यात टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी कांडी बसवलेली असते. हात फिरला की ती किंचित पिळते, संवेदक हा पीळ मोजतो आणि गाडीचा वेग पाहून नियंत्रक मोटारीच्या मदतीचे माप ठरवतो. सुझुकीने 1988 मध्ये सेर्व्हो या छोट्या जपानी गाडीत ही यंत्रणा दिली. 1951 च्या क्रायस्लर इंपीरियलपासून बाजारात रुळलेली तेलदाबाची यंत्रणा त्यानंतर प्रवासी गाड्यांतून हळूहळू मागे पडली. कारण तेलाचा पंप इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहतो, मोटार मात्र कामापुरतीच वीज घेते. या बदलाबरोबर एक तक्रारही आली. शहरात बोटाने फिरणारे स्टिअरिंग शंभरच्या वेगात लांब वळण घेताना क्षणभर अडते, मग अचानक सुटल्यासारखे होते आणि गाडी हवी त्याहून थोडी जास्त आत येते. याचे खापर कोणी विजेवर फोडतो, कोणी हलकेपणावर. बहुतेक वेळा खरे कारण घर्षण हे असते, आणि वेगात स्थैर्य मिळावे म्हणून केलेली योजनाच त्याला उघडे पाडते.

महामार्गावरचे वळण कितीही वेगवान वाटले तरी हाताच्या दृष्टीने ते फार नाजूक काम असते. 500 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 0.16 पट आडवे त्वरण लागते. रस्त्याची बाहेरची कड 7 टक्के उचललेली असेल (भारतीय रस्ते काँग्रेसने सपाट प्रदेशासाठी ठरवलेली ही कमाल) तर त्यातला 0.07 भाग उतारच भागवतो. टायरांच्या वाट्याला साधारण 0.09 येतो, म्हणजे दर सेकंद वर्गाला एक मीटरहूनही कमी. स्टिअरिंगची मध्याजवळची वागणूक तपासणाऱ्या आयएसओ 13674 या मानकातली नागमोडी चाचणी याच टापूत घेतली जाते: वेग 100, पाच सेकंदांत एक हेलकावा, आडवे त्वरण एक मीटरच्या आसपास. या अवस्थेत टायर आणि चाकांची भूमिती स्टिअरिंगला मध्याकडे परत ओढत असतात, आणि ती ओढ हाताशी पोहोचते तेव्हा साधारण एक ते तीन न्यूटन-मीटर भरते. दोन न्यूटन-मीटर म्हणजे स्टिअरिंगच्या कडेवर जेमतेम एका किलोचा जोर. रस्ता चालकाशी बोलतो तो एवढ्याच आवाजात.

आता यात अर्ध्या न्यूटन-मीटरचे घर्षण मिसळले तर काय होते ते पाहू. टायरांची ओढ दोनची असेल, तर स्टिअरिंग आत वळवायला अडीच लागतील आणि ते परत येऊ लागेल हाताचा जोर दीडवर उतरल्यावर. दीड ते अडीच या पट्ट्यात हात कितीही कमीजास्त दाबला तरी स्टिअरिंग जागचे हलत नाही. वळण थोडे मोकळे झाले म्हणून चालक पकड सैल करतो, काहीच होत नाही. तो आणखी सैल करतो आणि मग स्टिअरिंग एकदम मागे येते. तीच ओढ, तेच वळण, पण हाताला उत्तर दोन प्रकारचे. जड स्टिअरिंगची सवय होते, हलक्याचीही होते. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देणाऱ्या स्टिअरिंगची होत नाही.

मग हेच घर्षण गाडी पार्क करताना का जाणवत नाही? कारण तिथे मोटारीची मदत भरपूर असते. मोटार, तिचा जोर पुढे नेणारा वर्म गिअर आणि चाकांना वळवणारा दातेरी दांडा म्हणजे रॅक, हे भाग संवेदकाच्या पलीकडे असल्याने त्यांचे घर्षण मोटार स्वतःच्या जोरावर ओढून नेते आणि हाताला त्याचा थोडाच अंश कळतो. महामार्गावर स्टिअरिंग भारदस्त वाटावे म्हणून नियंत्रक मदत कमी करतो, आणि त्याबरोबर घर्षणावरचे पांघरूणही निघते. शिवाय कमी जोराला मदत जवळजवळ शून्य आणि पुढे झपाट्याने वाढती, असा मदतीचा आलेख ठेवण्याची पद्धत आहे. आलेखाचे हे वळण आणि रस्त्याचे वळण जुळून आले, तर छोट्याशा खड्ड्यानेही मदत कमीजास्त होते.

याचा ठळक पुरावा अमेरिकेतला आहे. 2022 पासूनच्या होंडा सिव्हिकचे स्टिअरिंग महामार्गावर काही वेळ गेल्यावर मध्येच चिकटते, अशा तक्रारींवरून तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मार्च 2023 मध्ये चौकशी सुरू केली. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने सिव्हिकसह अनेक मॉडेलांच्या सुमारे 17 लाख गाड्या परत बोलावल्या. दोष निघाला वर्म गिअरच्या चाकात आणि त्यावर दाब देणाऱ्या स्प्रिंगमध्ये. घर्षण वाढत होते. उपाय ठरला नवी स्प्रिंग आणि गरजेनुसार वंगण. मोटार बदलावी लागली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे जुन्या गाड्यांचे स्मरणरंजन आहे. घर्षण तेलदाबाच्या यंत्रणेतही होते. ते खरेच आहे, तिथेही सील घासत आणि झडपेला मध्याजवळ सुस्ती असे. म्हणूनच येथे दोष विजेला दिलेला नाही. 2011 मध्ये पोर्शे 911 विद्युत स्टिअरिंगवर आली तेव्हा झालेली चर्चा मुख्यतः रस्त्याची खरखर हाताला पोहोचते की नाही याबद्दल होती, आणि तो आवडीचा भाग आहे. अंदाज चुकणे ही वेगळी बाब. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चालक डोळ्यांनी पाहून कोन ठरवतो, जोराची त्याला पर्वा नसते. पण वरच्या वळणात स्टिअरिंग फिरते फार तर दहा अंशांच्या आसपास, आणि त्यातला एखादा अंश टॉर्शन बारच्या पिळातच जातो. इतक्या थोड्या हालचालीत हात कोन आणि जोर दोन्हींवर विसंबतो. तिसरा आक्षेप मेकॅनिक नेहमी घेतात: आधी टायरमधली हवा आणि अलाइनमेंट पाहा. सल्ला योग्य आहे, आणि दोष ओळखण्याची खूणही त्यातच आहे. अलाइनमेंट बिघडलेली गाडी सरळ रस्त्यावरही एकाच बाजूला ओढते. घर्षणाचा दोष डाव्या-उजव्या दोन्ही वळणांत दिसतो आणि स्टिअरिंग त्या कोनापर्यंत आत वळवत आणले की सोडत आणले, यावर बदलतो. लेन राखणारी मदत गाडीत असेल तर ती बंद करूनच हे ताडावे, कारण तीही याच मोटारीतून हाताला ढकलते.

घर्षणाचा अंदाज बांधून तेवढा जोर मोटारीने आधीच द्यावा, हा सॉफ्टवेअरचा उपाय प्रचलित आहे आणि बराच चालतोही. अडचण अशी की घर्षण तापमानाने, झिजेने आणि वंगणाने बदलत राहते. भरपाई कमी पडली तर चिकटणे उरते, जास्त झाली तर स्टिअरिंग मध्याजवळ ठरत नाही, भिरभिरते. दुसरा मार्ग घर्षण हातापासूनच तोडण्याचा: दांड्याचा यांत्रिक दुवा नेहमीच्या वापरातून काढून टाकणारी रचना 2013 मध्ये इन्फिनिटी क्यू50 मध्ये आली; बिघाडासाठी तिथे क्लचने जोडला जाणारा दांडा राखून ठेवला होता. अशा गाडीत रॅकचे घर्षण हातापर्यंत येत नाही, पण टायरांची खरी ओढही येत नाही. हाताला लागतो तो सगळाच जोर दुसऱ्या एका मोटारीने रचलेला असतो.